दुर्गाच्या ओट्यावरचं उपोषण

९ फेब्रुवारी, सोमवार

मला सांगितलंसुद्धा नाही! तीस वर्षांचा संसार, आणि आपला नवरा आमरण उपोषणाला बसतोय हे मला कळलं समोरच्या वैद्यकाकूंकडून. "मृणालिनी, टीव्ही लाव. जयवंतराव दिसतायत बघ." कणकेचे हात तसेच घेऊन धावले. हे माइकसमोर उभे. चष्मा नाकावर घसरलेला. "परळचा मासळीबाजार पाडायचा ठराव मागे घ्या. तोवर पाणी आणि मीठ, बाकी काही नाही. हिशेब पक्षाने दिलेला शब्द पाळावा."

हिशेब पक्षाने! अहो, तो पक्ष कोणाचा? गिरगावातल्या आमच्या या दोन खोल्यांत जन्मला तो. बारशाचे पोहे मी केले. आज पक्षाचा अध्यक्ष असलेला पुष्कर तेव्हा नवखा वकील होता, आमच्या खाटेवर झोपायचा, मला काकू म्हणून मिठ्या मारायचा. भ्रष्टाचाराविरुद्ध आझाद मैदानात तो उपोषणाला बसला आणि लोक वेडे झाले नुसते. टॅक्सीवाले मैदानापर्यंत फुकट सोडत होते. मग पक्ष निघाला. निशाणी चाळणी. "चाळून घ्या!" म्हणत हे गल्लोगल्ली फिरले, नोकरी सोडली. मी माझी सोडली नाही म्हणून चूल पेटली.

आणि आता? यंदा पाच नगरसेवक आले महापालिकेत, आणि पुष्कर ज्यांना चोर-चोर म्हणायचा त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसलाय. बाजार पाडून टॉवर बांधायचा प्रस्ताव समितीत आला तर चाळणीवाल्यांचे पाचही हात वर! प्रचारात त्याच बाजारात उभं राहून कोळणींना शब्द यांनी दिला होता. पुष्करने नाही, यांनी. तिथेच तर गोम आहे.

संध्याकाळी कपडे न्यायला आले. "साठी उलटली तुमची! ब्लडप्रेशर आहे!" म्हटलं. म्हणाले, "शब्द माझ्या तोंडून गेलाय, मृणाल." मी पिशवी भरली आणि सवयीने डबाही भरायला घेतला. पोळी-भाजी! तो डबा हातात बघून रडूच कोसळलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

आझाद मैदान सोडून पोलीस कुठे बसू देत नाहीत, आणि तिथे बसलं की कोणी बघत नाही. म्हणून दुर्गाने यांना आपला ओटा दिला. दुर्गा म्हणजे बाजारातल्या सगळ्या बायकांची पुढारी, कमरेवर हात ठेवून उभी राहिली की फौजदारसुद्धा वाट बदलतो. ओटा तीनदा धुतला, वर चटई टाकली. "माजी धंद्याची जागा हाय. माज्या पावन्याला कोन उटवतंय बगू!"

तर हे उपोषण करतात कुठे, तर एका हाताला सुरमईच्या तुकड्या, दुसऱ्या हाताला बोंबलांचा ढीग! आमच्या घरात अंडंही शिजत नाही. मी पदर नाकाला लावून बसले. हे आपले मांजराशी बोलत होते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

एक चॅनलवाला फिरकला नाही. एक!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पुष्करचा फोन. "काकू, समजवा ना काकांना. उपोषणाचे दिवस गेले आता."

"तुझे गेले रे. त्यांचे चालू आहेत."

"तसं नाही. लोकांना वेळ नाही. काका जिवाशी खेळतायत आणि बघायला कोणी नाही, असं व्हायचं."

"मग तू ये. तू आलास की चॅनलं येतील."

"माझी पंचाईत होते काकू. युती आहे. समजून घ्या." मग आवाज खाली आणून, "गोळ्या तरी घेतायत ना?"

ताकाला जाऊन भांडं लपवतो मेला! गोळ्यांची चौकशी करतो. गरज सरो नि वैद्य मरो. फोन ठेवल्यावर सुचलं काय-काय बोलायला हवं होतं. नेहमीसारखंच.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र

आज अख्ख्या मुंबईचा उपास. पक्षातले दोघं जुने कार्यकर्ते आले. यांच्या पाया पडले, फोटो काढले आणि बाजूच्या बाकड्यावर बसून डब्यातली साबुदाण्याची खिचडी खाल्ली. वर मला म्हणतात, "आज आमचाही उपास आहे ना काकू!" हसू की रडू! दाण्याच्या कुटाचा वास आला तसे यांनी डोळे मिटून घेतले. मी पाहिलं ते. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकतंय आता.

नूपुरचा बंगलोरहून फोन. "आई, बाबांना सरळ उचलून आण." हो गं बाई. बाबा म्हणजे भाजीची पिशवी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी हे उठून उभे राहायला गेले आणि खांबाला धरून खाली बसले. पाच मिनिटं मला ओळखलंच नाही. "आक्का आली का?" म्हणाले. आक्का म्हणजे यांची थोरली बहीण, तिला जाऊन वीस वर्षं झाली.

पालिकेची डॉक्टर रोज तपासायला येते, आरोही नाव, आमच्या नूपुरएवढी असेल. तिने मला बाजूला घेतलं. शुगर फार उतरलीये, रक्तदाबही. "काकू, असंच राहिलं तर मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. दाखल करा." हे ऐकतात थोडेच! "ओट्यावरून हललो की बाजार गेला," म्हणाले. तिने विचारलं, तोंडाला चव आहे का? तर म्हणे, काहीच लागत नाही, मीठसुद्धा नाही.

हे मी ऐकलं. येताना औषधाच्या दुकानातून ग्लुकोजचा डबा घेतला. का घेतला माहीत नाही. माहीत आहे! इथे कशाला खोटं लिहू.

१८ फेब्रुवारी, बुधवार

घातलं. तांब्यात दोन चमचे, वर मीठ जरा सढळ. ढवळताना बांगड्या केवढ्याने वाजल्या! हे घटाघट प्यायले. रिकामा तांब्या परत दिला. चव गेलीच होती, देवाची कृपा.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

"शुगर सुधारली!" आरोही म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. चांगलं बघितलं. मग स्टेथोस्कोप गुंडाळत म्हणाली, "छान. पाणी देत राहा काकू, तुमच्याच हाताने." पोरीच्या तोंडात साखर पडो.

पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही. नोकरीत असताना एका दिवाळीत यांना ऑफिसात कंत्राटदाराने काजूकतली पाठवली, तर हा माणूस भर उन्हात बसने भायखळ्याला जाऊन परत देऊन आला. नूपुरच्या शाळेच्या फॉर्मवर पगार शंभर रुपयांनी कमी लिहायला तयार झाला नाही, सवलत गेली. आणि त्या माणसाला मी रोज सकाळी फसवतेय. तो मला विचारत नाही, कारण मी त्याला फसवेन हे त्याच्या स्वप्नातही नाही.

मग दुसरं मन म्हणतं, हा मेल्यावर याचं सत्य घेऊन मी काय करू? भिंतीला टांगू? हार घालू? मला माणूस हवाय. मला हाच माणूस हवाय, घोरणारा, हट्टी, चहात तीन वेळा साखर मागणारा.

२२ फेब्रुवारी, रविवार

काय झालं हे! काल दुर्गा बायकांना घेऊन पालिकेच्या दारात गेली. रिकाम्या टोपल्या डोक्यावर घेऊन सगळ्याजणी नुसत्या उभ्या राहिल्या. कोणीतरी ते फोनवर टाकलं, आणि आज बाजारात पाय ठेवायला जागा नाही! दादरहून, लालबागहून, काळाचौकीहून माणसं. कॉलेजची पोरं. चॅनलं झाडून सगळी. "चाळून घ्या!"च्या जुन्या आरोळ्या पुन्हा ऐकल्या. हे बसल्या-बसल्या हात जोडत होते. डोळे भरलेले. चौदा वर्षांपूर्वी मैदानात दिसायचे तसे दिसले.

ठराव पुढे ढकलणार, अशी बातमी आहे. आणि पुष्करचा फोन, "काकू, उद्या येतो. काकांना लिंबूपाणी मीच देणार हं!" निर्लज्ज. पण देऊ दे. कोणाच्याही हातून पिऊ देत, पण पिऊ देत! देवा, आता फक्त उद्याची सकाळ. एकच तांब्या.

२३ फेब्रुवारी, सोमवार

संपलं.

बर्फाच्या पेट्यांमागून कोणीतरी फोनवर घेतलं. माझा हात, माझा चमचा, ग्लुकोजचा डबा, त्यावरचं नावही वाचता येतं. कोणीतरी कशाला, मनूने. पक्षाचा मनू, माझ्या हातचे मोदक मोजून खाणारा. "कुठे काही काळंबेरं दिसलं की फोन काढा," हे त्या पोराला शिकवलं कोणी? यांनीच! आपलेच दात, आपलेच ओठ.

दुपारी बारापर्यंत सगळ्या चॅनलांवर. लिंबूपाणी घेऊन येणारा पुष्कर आला तो टीव्हीवर. "मी व्यथित आहे. ज्याच्यावर आरोप त्याने आधी बाजूला व्हावं, हा नियम जयवंतकाकांनीच पक्षाला दिला. त्याच नियमाने त्यांना निलंबित करताना मला अतिशय दुःख होतंय." पाचातल्या दोन नगरसेवकांवर गुन्हे आहेत, तेव्हा कुठल्या माळ्यावर टाकला होता नियम? पण विचारतो कोण. सकाळी पाया पडणारी पोरं "ढोंगी! ढोंगी!" ओरडायला लागली. कोणीतरी बर्फ फेकला. यांच्या खांद्याला लागला.

मी उठले. माइक घेऊन सांगणारच होते, मी केलं, या माणसाला काही म्हणजे काही ठाऊक नाही, मला हाणा. पण त्याआधी हे खांबाला धरून उभे राहिले. माइक ओढून घेतला. "पाण्यात ग्लुकोज होतं. मला ठाऊक होतं. दोष माझा. बायकोला कोणी बोलू नका."

एवढंच. आणि खाली बसले.

जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस! माझ्यासाठी बोलला, तेही सगळ्या महाराष्ट्रासमोर. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ॲम्ब्युलन्समध्ये यांचा हात धरून बसले होते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

ठराव सभागृहात मंजूर. बाजार पडणार. बायकांना ठाण्याच्या पुढे कुठेतरी जागा देणार म्हणे. परळचं गिऱ्हाईक पापलेट घ्यायला ठाण्याच्या पुढे जाणार! दुर्गाच्या आजीपासूनचा ओटा आहे तो.

मी दोन चमच्यांत बाजार विकला. पुष्करने पाच हातांनी विकला, मी दोन चमच्यांनी. काय फरक?

इस्पितळातून यांना घरी आणलं आणि तशीच परळला गेले. दुर्गा कोयत्यावर मासे कापत होती. मान वर केली नाही. मी म्हटलं, "चूक माझी आहे, दुर्गा. यांची नाही." तिने हातातला मासा कापून संपवला. मग म्हणाली, "जेवला असता तरी चाललं असतं गो बाय. आमाला सांगायचं तरी. आमी पडदा धरला असता."

तिथेच ओट्याशी बसले. तिने पाणी दिलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

हे भिंतीकडे तोंड करून पडून असतात. वैद्यकाकू दार वाजवून गेल्या, उघडलं नाही. नूपुर उद्या निघतेय. मी यांच्याकडे बघते आणि मनात म्हणते, तुम्हाला वाचवलं की मारलं मी?

१ मार्च, रविवार

आज मऊ भात खाल्ला दोन घास. भांडं बाजूला ठेवून मी यांचे पाय धरले. म्हटलं, "माझी अब्रू राखायला उभ्या जन्मात पहिल्यांदा खोटं बोललात. मला माफ करा."

पाय मागे घेतले. भिंतीकडेच बघत म्हणाले, "खोटं कुठे बोललो. पहिल्याच घोटाला जिभेला चव परतली, तेव्हाच कळलं होतं मला."

वाटीतलं तूप थिजत होतं ते बघत बसले.

मग म्हणाले, "त्यानंतर रोज सकाळी तुझी वाट बघायचो, मृणाल. वाटायचं, आज ही घालायला विसरली तर?"