पुतण्यास फक्त स्टूल

चौथीच्या वर्गात गुरुजी कविता म्हणवून घेत, आणि ओळीच्या ऐन मध्यावर टेबलावर पट्टी आपटत. टक्! साऱ्या वर्गाने तिथे थांबायचे, श्वास घ्यायचा, मग उरलेली अर्धी ओळ. तो टक् अजून माझ्या कानात आहे. कान आणि डोके दोन्ही शाबूत असल्याचा एवढा पुरावा मला पुरे वाटला होता. डॉक्टरीणबाईंना पुरला नाही, म्हणून त्यांनी मला रीतसर तपासले. तर मी, जन्मभर लोकांची अंगे रगडून पोट भरलेला मालिशवाला, कोणाच्या धाकाने नव्हे, नशेत नव्हे, रागात मात्र जरूर, माझ्या पश्चात काय कोणाचे हे या मृत्युपत्रात ठरवून ठेवतो. पूर्वी काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द.

कलम एक. राहते घर व बँकेतली शिल्लक मुलीला. शाळेची कवितांची पुस्तकेही तिलाच. वाचली नाहीत तरी चालेल, रद्दीत घातली तर मी रोज स्वप्नात येऊन पाठांतर घेईन.

कलम दोन. हात कोणाच्या नावे करता येत नाहीत, म्हणून त्यांची रीत लिहून ठेवतो. मी कविता म्हणत मालिश करतो. अर्ध्या ओळीला दाब, मधल्या थांब्याला हात उचलायचा आणि विचारायचे, "दुखत नाही ना?" उत्तर आले की पुढची अर्धी ओळ. मालिशने आखडलेले अंग सैल पडते, झोप लागते, कोणी जिव्हाळ्याने हात लावला एवढ्यानेही माणूस निवतो. रोग बरे होत नाहीत. टेबलावर आडवे होण्याआधी प्रत्येकाला मी स्टुलावर बसवतो. ताप आहे का, कुठे पडलात का, दिवस गेलेत का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का? एकच पोटरी सुजलेली आणि गरम लागली, तर तेलाची बाटली बंद आणि माणूस तडक डॉक्टरीणबाईंकडे. "अहो काका, नुसतं जरा दाबा की!" म्हणून लोक चिडायचे. चिडोत बापडे.

कलम तीन. आता पुतण्या. थोरल्या भावाचा मुलगा, मीच शिकवलेला. त्याने माझ्या साऱ्या कविता उचलल्या, थांबा तेवढा सोडला. म्हणायचा, "काका, गिऱ्हाईक झोपायला येतं, परीक्षेला नाही." एके दिवशी शिवणक्लासवाल्या बाई टेबलावर पालथ्या झोपल्या होत्या. त्यांचा खांदा मोकळा करून, पुतण्याला टेबलापाशी ठेवून मी तेल कोमट करायला आत गेलो. आतून ऐकले तर कविता पुढे चालू! माझीच चाल, घराण्याचाच आवाज, पण ओळ मध्ये थांबेना. मी हातातले भांडे टाकून धावलो. तोवर मान कडकन वाजली होती.

बाईंच्या उजव्या हाताची बोटे बधिर झाली, ती पुरती सुधारलीच नाहीत. सुईत दोरा त्यांना मुलींकडून ओवून घ्यावा लागतो. पुतण्या म्हणाला, "काकांचाच हात होता." मी सांगायला गेलो, तर बाई क्लाससमोर कडाडल्या, "कविता तुमची मी या कानांनी ऐकली, आणि पाप पोराच्या माथी मारता? लाज नाही वाटत?" गल्लीने माझ्याकडे पाठ फिरवली. पुतण्याने समोरच्याच गाळ्यात दुकान थाटले. पाटीवर लिहिले, 'सर्व रोगांवर मालिश'. ती पाटी माझ्या खिडकीतून दिसते. मी खिडकी उघडत नाही.

जी गिऱ्हाइके समोर गेली, त्यांनी माझ्या शेवटच्या प्रवासात खांदा देऊ नये. त्यांचे खांदे एव्हाना त्याने बिघडवलेच असतील.

कलम चार. माझे दुकान आणि मालिशचे टेबल शिवणक्लासवाल्या बाईंना. त्या मला शिव्या घालतात, तरी त्यांनाच. भाड्याने देऊन दोरा ओवायला माणूस ठेवावा. पुतण्यास फक्त स्टूल. ते त्याने कधी वापरले नाही, म्हणून त्याच्यासाठी नवेच. मात्र त्याने माझ्या हयातीत, आपणहून, बाईंच्या भरल्या क्लासात "मान मी वाजवली" असे कबूल केले, तर दुकान व टेबल त्याचे. ही अट मी दयेपोटी घातलेली नाही. उद्या गल्लीने म्हणावे, एका वाक्यात दुकान मिळत होते आणि एवढेही याच्या तोंडून निघाले नाही.

हे वाचून दाखवल्यावर साक्षीदार न्हावी म्हणाला, "काका, आणि बोललाच तर?"

"तर तुझ्याकडून ही मिशी सफाचट करून घेईन. लिहून ठेवतो."

लिहून ठेवले आहे.

स्थळ : मालिशचे दुकान, खिडकी बंद.
तारीख : डॉक्टरीणबाईंनी आपल्या सहीखाली घातली आहे, तीच.
सही : मालिशवाला काका
साक्षीदार : डॉक्टरीणबाई (माणूस शुद्धीत आहे, रक्तदाब चढलेला आहे)
साक्षीदार : कोपऱ्यावरचा न्हावी

सह्या झाल्या, शाई वाळायची होती, तेवढ्यात दार वाजले, म्हणून खाली जोडतो. दारात शिवणक्लासवाल्या बाई. त्या दिवसानंतर ही पायरी त्या आज प्रथम चढल्या.

"तुमचा पुतण्या सकाळी क्लासात आला होता," त्या म्हणाल्या. "बायकोची मान अवघडलीय, तिला हात लावायची हिंमतच होईना म्हणे. सगळ्या मुलींसमोर रडला. मान त्यानंच वाजवली होती. काका, मी तुम्हाला काय काय बोलले हो!"

डॉक्टरीणबाई कलम चारकडे बघत राहिल्या. न्हाव्याने हळूच पेटी उघडली आणि वाटीत पाणी घेतले.

"खांदा बघाल का?" बाईंनी विचारले.

मी स्टूल पुढे ओढले. "आधी बसा. ताप वगैरे नाही ना?"