नऊ बाय दहातली काठी

२ नोव्हेंबर १९८१, सोमवार
निश्चय: पहाटे पाचला उठणे. चहा बंद. काठीचा स्वतःचा फॉर्म बसवणे.
काल कराटेच्या वर्गात उद्धवराव सर म्हणाले, ब्राऊन बेल्टच्या परीक्षेला या वेळी प्रत्येकानं स्वतः बसवलेला फॉर्म दाखवायचा. वार, अडवणं, वळणं, सगळं आपल्या मनानं. तीस स्टेप. परीक्षा २९ तारखेला. सरांची नाशिकला बदली झालीय. जो पास होईल, त्याच्याकडे संत तुकाराम नगरचा हा वर्ग.
परीक्षेला दोघंच, मी आणि जयसिंग. तो एकोणीस वर्षांचा, मी चौतीस. म्हणजे वर्ग माझाच. मागच्या दोन्ही वेळा नशीब आडवं आलं होतं.
अकरा वर्षं कारखान्यात एकाच लेथवर उभा आहे. कालचे अप्रेंटिससुद्धा ‘ए ज्ञानदेव’ म्हणून हाक मारतात. एकदा तरी कुणी मला सर म्हणावं. हे फक्त इथं लिहितोय, बाहेर बोलणार नाही.

३ नोव्हेंबर
साडेसातला उठलो. चहा घेतला. सेकंड शिफ्ट असताना पाचला उठणं प्रकृतीला बरं नाही.
कँटीनमध्ये खात्यातल्या सयाजीला सांगून टाकलं की वर्ग मला मिळाला. पेढे मागतोय.

५ नोव्हेंबर
मैदानात सराव केला. पोरं हसली. फॉर्म चोरीला जाऊ शकतो, तेव्हा यापुढे सराव घरातच.
खोली नऊ बाय दहा. काठी सहा फुटी. पहिल्याच वाराला ट्यूबलाइट गेली. कस्तुरा म्हणाली, काठी तरी कापा, न्हाईतर मला चाकणला माहेरी सोडून या. साडेचार फूट केली. जवळच्या लढाईला हीच बरी.

९ नोव्हेंबर
आठ स्टेप तयार! चौथीला उजवीकडे स्टोव्ह पेटलेला असतो, म्हणून डावीकडे वळलो. काय डौल आला! पाचवीला गुडघा उंच, नाहीतर कॉटचा कोपरा लागतो. सातवीला मान खाली, कारण वर भांड्यांची मांडणी. सर म्हणतातच, फॉर्म आतून यायला हवा.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ
वार करताना ओरडावं लागतं. ओरडलो. पाळण्यातली बेबी दचकून उठली, दोन तास रडत होती. शेजारच्या शालनबाई विचारायला आल्या, भांडण झालं का. कस्तुरा म्हणाली, भांडण न्हाई, ह्यांची परीक्षा हाय.
निर्णय: माझा फॉर्म बिनआवाजी. शत्रूला पत्ताच लागणार नाही. हे आजवर कुणाला कसं सुचलं नाही?

१९ नोव्हेंबर
थर्ड शिफ्ट. दिवसभर झोप. सराव शून्य.
जयसिंग म्हणे रोज दिघीच्या माळावर सराव करतो. भर उन्हात. वेडा आहे.
भीती वाटते.

२५ नोव्हेंबर
तीसच्या तीस पाठ. डोळे मिटून करतो. स्टोव्ह, कॉट, मांडणी, पाळणा, कशालाही धक्का नाही. कस्तुरा म्हणाली, येकदा भाईर करून बघा की. तिला यातलं काय कळतं?
सयाजीनं सगळ्या खात्यात सांगितलंय. तिसऱ्यांदा नापास झालो तर तोंड कुठं लपवू? जेवण जात नाही.

२९ नोव्हेंबर, रविवार, दुपारी दोन
झालं.
मोकळं मैदान. चुन्याची रेघ, आत मी एकटा. कॉटच नाही, तर पाचवी स्टेप कुठं करायची? अंदाजानं केली. एवढ्या मोठ्या मैदानात मी एका कोपऱ्यात फिरत राहिलो. पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी थांबवून विचारलं, मान का खाली घातली, वरून कोण मारतंय? तोंडातून निघून गेलं, मांडणी. चोविसाव्या स्टेपला चवड्यांवर का चालता? म्हणालो, बेबी झोपलीय.
सगळं मैदान हसलं. उद्धवराव सर हसले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. पाण्याच्या टाकीमागं जाऊन रडलो.
जयसिंग पास.

३० नोव्हेंबर
परीक्षक जुन्या वळणाचे. नवं काही पचत नाही.
खात्यात पेढ्यांचा विषय निघाला. मशीन बिघडलंय सांगून त्याच्यामागं उभा राहिलो. फोरमननं मेंटेनन्सवाल्याला बोलावलं.
संध्याकाळी जयसिंग घरी आला. म्हणाला, भाऊ, एवढी पोरं मला एकट्याला आवरायची न्हाईत, तुमी बरोबर पायजे. मी विचार करतो म्हणालो. लगेच हो म्हणालो.
म्हणजे बघायला गेलं तर वर्ग मीच चालवणार. पोरगा समजूतदार आहे.

५ डिसेंबर, शनिवार
वर्गाचा पहिला दिवस. ड्रेसला कडक इस्त्री. दाढी दोनदा. जयसिंगनं हजेरीची वही माझ्या हातात दिली. बसायला खुर्चीही दिली.
बेचाळीस पोरं रांगेत. आता तो शब्द कानावर पडणार म्हणून खुर्चीवरून उठून ताठ उभा राहिलो. पहिलं नाव खणखणीत आवाजात वाचलं.
पोरगं म्हणालं, हजर, काका.
मग सगळी तसंच म्हणत गेली. मी मध्ये थांबून बघितलं, पुन्हा वाचलं, आवाज चढवला. शेवटच्या नावापर्यंत तेच.
आज एकही पोरगं गैरहजर नव्हतं.