दहापैकी दोन

तीर्थरूप आईस, लेकीचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? यांची तब्येत सुधारते आहे.

आजारपणाच्या रजेला आठ महिने झाले. काल समुपदेशक बाईंनी यांना विचारलं, "कामावर परतायची तयारी दहापैकी किती?"

मीच घाईने म्हटलं, "आठ!"

"ताई, पेपर त्यांचा आहे, तुम्ही नका सोडवू."

हे म्हणाले, "दोन."

"शून्य का नाही?"

हे म्हणाले, "ही रोज माझा शर्ट इस्त्री करून ठेवते. तिचं मन मोडवत नाही."

"आणि स्वतःसाठी?"

"ते दोन्ही गुण हिचेच."

आई, रोज देवापुढे 'यांना कामावर जाऊ दे' म्हणते. आज हात जोडले, पण तेवढं मागवेना.

बाबांना मात्र सुधारताहेत एवढंच सांग.

देवाच्या भरवशावर असलेली,
तुझी लेक