दोन पानं एकदम

शुक्रवार, दिवेलागण

स्वयंपाक तसाच पडलाय, पण आधी हे लिहून टाकते.

शाळेच्या बाईंनी सांगितलंय, रोज आईनं जवळ बसून मुलाकडून वाचून घ्यायचं. मी तर आमच्या गल्लीच्या माता गटाची प्रमुख. दुसरीतली माझी अनू ओळीखाली बोट फिरवत घडाघडा वाचते. गटातल्या बायका म्हणतात, "तुजी पोरगी लई हुशार हाय."

आज वाचताना तिच्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली. तिला कळलंच नाही. बोट पुढच्या पानावर फिरत होतं आणि तोंडानं सुटलेलं पान चाललं होतं. एकही शब्द न चुकता.

मी तिचं बोट धरलं. "इथं काय लिहिलंय?"

तिनं पुस्तकाकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघत म्हणाली, "आई, बाईंना सांगू नको."

म्हणजे तिला ठाऊक होतं. वर्गात सगळी एका सुरात म्हणतात, त्यातच पाठ झालं असणार. मग रोज शेजारी बसून मी काय ऐकत होते?

उद्या आयांची बैठक. प्रमुखाची मुलगी म्हणून बाई तिलाच वाचायला उभी करणार, आणि त्या पुस्तक कुठूनही उघडतात. आधीच फोन करून सांगू? नाही सांगितलं, तर ते बोट सगळ्यांसमोर कुठं थांबेल?

गोठ्यात हे धार काढतायत. अनू दाराबाहेरून त्यांना धडा वाचून दाखवतेय. आवाज खणखणीत. आतून हे म्हणतायत, "शाब्बास."

पुस्तक इथं माझ्या मांडीवर आहे.