निळ्या छत्रीची नोंद

सोमवार, ३ नोव्हेंबर

अठ्ठावीस!

बोर्डावर कागद लागलाय. एक डिसेंबरपासून माझे आठवड्याचे तास अठ्ठावीस. आतापर्यंत छत्तीस होते. वर ठळक अक्षरांत लिहिलंय — ‘कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी लवचीक वेळापत्रक’. सोय आमची, आणि आम्हालाच पत्ता नाही!

बोर्डासमोर ही ढकलाढकली. स्वतःचं नाव पाहिलं आणि बाहेर पडले. बाजूला वहिनी उभ्या होत्या. वहिनी म्हणजे बिलिंगच्या — बारा वर्षं एक नंबरच्या काउंटरवर आहेत, सगळ्या दुकानाच्या वहिनी. (दादा कोण, ते कुणीच पाहिलेलं नाही.)

"अठ्ठावीसच का गं?" त्या म्हणाल्या. "तीस का नाही?"

मला काय माहीत!

"तीसच्या खाली गेलं की आरोग्य विमा बंद. नोकरीच्या कागदावर मागच्या बाजूला आहे बघ, बारीक अक्षरात."

घरी येऊन कागद काढला. आहे. मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. घरातली पहिली पदवीधर मी, आणि सही करताना पान उलटलं नव्हतं.

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ९ डिसेंबरला आहे. माझ्याच विम्यावर.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सकाळी निघताना बाबांना दहा सुया ओवून दिल्या. रोजच देते. ते त्या उशीवर ओळीने टोचून ठेवतात आणि दिवसभर पुरवतात. शिंप्याचा उजवा डोळा लहानपणापासून नावालाच. सगळं आयुष्य डाव्यानं शिवलं, आणि आता त्याच डाव्यात मोतीबिंदू.

काल एका कोटाची काजं उलट्या बाजूला केली. गिऱ्हाईक घालून बघतं तर बटणं बायकांसारखी! बाबा म्हणाले, "नवी फॅशन आहे." गिऱ्हाईक हसलं. पण कोट ठेवून गेलं.

विम्याचं अजून सांगितलेलं नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पहिली सभा!

जेवणाच्या सुट्टीत, तिसऱ्या मजल्यावर, गाद्यांच्या विभागात. गुरुवारी तिकडे चिटपाखरू नसतं. आम्ही सतरा जण. मी चार पानी भाषण लिहून नेलं होतं. "सहकारी मित्रहो—" म्हटलं मात्र, वहिनी म्हणाल्या, "मित्रहो मागाहून. आधी दोन घास खा, वीसच मिनिटं आहेत."

पैलवान नमुन्याच्या गादीवर आडवा होऊन ऐकत होता. (पैलवान गोदामात असतो. अंगात हाडं आणि कमरेला किल्ल्या, बाकी काही नाही.) दुसऱ्या पानावर तो घोरायला लागला.

तिसऱ्या पानावर मी म्हटलं, "आपल्याला आपले तास परत हवेत!" तर चादरींच्या विभागातली — जिचं बाळ सात महिन्यांचं आहे ती — म्हणाली, "मला नकोत."

"म्हणजे?"

"मला अठ्ठावीस बरे पडतात. बाळ सासूबाईंकडे असतं. कमी तास मी स्वतःच मागणार होते. विमा मात्र हवा. बाळाला महिन्यातून दोनदा दवाखाना लागतो."

मी तिच्याकडे फितूर असल्यासारखं पाहिलं. आता लिहिताना लाज वाटते आहे. पण तिथे मी चारही पानं चाळली. भाषणात हे पानच नव्हतं!

पैलवान डोळे मिटूनच बोलला, "पत्र लिहा, पण पहिली सही कोण करणार? जो करेल त्याचं नाव पहिलं कापलं जाणार."

सगळ्यांनी डबे बंद केले.

शनिवार, ८ नोव्हेंबर

वहिनींचं डोकं म्हणजे डोकं! पहिली सही कुणाचीच नाही. शनिवारी, २२ तारखेला, मुख्य कार्यालयातून मोठे साहेब दुकान बघायला येणार आहेत. तेव्हा सगळ्यांनी एकाच वेळी हातातलं काम ठेवायचं, एकदमच त्यांच्यासमोर जायचं, आणि तिथेच, एका टेबलाभोवती, सह्या.

पण सगळ्या मजल्यांना एकाच क्षणी कळणार कसं? फोन तर कामावर आल्या आल्या कपाटात जातात. आणि मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये मॅनेजर आहेच, रोज सकाळी फुलं पाठवतो.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

चौकशीच्या टेबलावर मी असते. माईक माझ्याकडे! ‘ग्राहकांनी कृपया लक्ष द्यावे’ हे सगळ्या दुकानाला सांगणारा आवाज माझा. (आईनं शेजारीपाजारी सांगून ठेवलंय, "आमची माईकवर असते." लोकांना वाटतं मी गाते.)

ठरलं! माईकवर ‘निळी छत्री सापडली आहे’ असं आलं, की जमायचं. नुसतं तेवढं म्हटलं तर सुट्टीत गाद्यांपाशी. ‘आत्ता या’ असं जोडलं तर आत्ताच्या आत्ता, चौकशीच्या टेबलापाशी. ते फक्त बावीसला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज पुन्हा छत्री सापडली. दहा मिनिटांत एक आजोबा हजर.

"माझी निळी छत्री."

आता काय करू! म्हटलं, "आजोबा, खूण सांगा." म्हणाले, "मुठीला चीर आहे. आठ वर्षांपूर्वी हरवली. हल्ली सापडल्याचं सारखं ऐकतोय, म्हटलं विचारून बघावं."

पैलवानानं गोदामातून एक जुनी आणून दिली, काळी. आजोबांनी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "ही निळी नाही," म्हणाले. "पण चालेल."

वर सभेत हे सांगितलं. वहिनी हसून हसून गादीवर कोसळल्या. सत्तावीस जण आले होते!

गुरुवार, १३ नोव्हेंबर

घड्याळबाई आल्या. आमच्या सुपरवायझर. तोंडावर ‘मॅडम’, पाठीमागे घड्याळबाई — बोलताना आपल्याकडे कमी आणि मनगटाकडे जास्त बघतात. वेळापत्रक त्याच टाईप करतात. बोर्डावर कागद त्यांनीच लावला.

सापडलेल्या वस्तूंची नोंदवही पुढ्यात घेतली आणि पानं उलटत राहिल्या.

"पाच दिवसांत पावसाचा थेंब नाही. छत्र्या मात्र तीन."

मी पेनाला टोपण लावलं.

"तिन्ही निळ्या."

मी टोपण पुन्हा काढलं.

"वहीत एकही नाही. हे बघ बाई — जिची नोंद नाही, ती वस्तू सापडलेली नसते. कळलं?"

"हो मॅडम."

मनगटाकडे बघितलं आणि गेल्या. संपलं आता. मॅनेजरला सांगणारच.

शनिवार, १५ नोव्हेंबर

अजून कुणी काही बोललेलं नाही. वाट बघणं फार वाईट.

पत्राचा मसुदा वहिनींना दाखवला. ‘सन्माननीय महोदय, अत्यंत खेदपूर्वक आपल्या निदर्शनास आणून देण्यात येत आहे की—’ वहिनींनी बिल तपासावं तसं बोट फिरवत वाचलं. "यात विमा कुठे आहे?"

"दुसऱ्या पानावर."

"मोठ्या साहेबाला दुसरं पान दिसतं होय! तूच उलटलं नव्हतंस."

खाली मान घालून सगळं खोडलं. मग चादरीवालीला शोधून काढलं, सॉरी म्हटलं, आणि तिलाच विचारलं, तू कसं म्हणशील? ती घड्या घालत म्हणाली, "तास कमी असोत की जास्त, विमा सगळ्यांना."

तेच ठेवलं. अख्खं पत्र एका ओळीचं! तीन वर्षांची पदवी एका बाजूला आणि ही ओळ एका बाजूला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मॅनेजरनं बोलावलं. मला वाटलं, हातात नारळ.

खुर्ची दिली! "तुमच्यासारख्या शिकलेल्या मुलीनं चौकशीच्या टेबलावर किती दिवस बसायचं?" नवीन जागा आहे म्हणे — नव्या लोकांना शिकवायचं. चाळीस तास. विमा चालू. एक तारखेपासून. "एवढंच, की सध्याचं ते... मिसळणं जरा कमी करा. बुधवारपर्यंत सांगा."

म्हणजे त्याला कळलंय. घड्याळबाईंनीच सांगितलं असणार!

आणि खरं लिहायचं तर — खुर्चीतून उठताना मला आनंद झाला होता. नऊ तारीख डोळ्यांसमोर आली आणि झाला. सगळ्यांसाठी लढतेय, सगळ्यांसाठी लढतेय, असं दोन आठवडे स्वतःला सांगत होते. बाबांचा डोळा वजा केला तर मी किती लढले असते? माहीत नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

घरी सगळं सांगितलं. आई एका दमात म्हणाली, "घे. आधी डोळा, मग जग."

बाबा मशीनवर होते. थांबले. "वहिनींचा विमा जाणार?"

"हो."

"त्या बाळवालीचा?"

"हो."

थोडा वेळ नुसतंच चाक पुढेमागे केलं. मग म्हणाले, "मला विचारू नकोस. मी घेच म्हणणार. डोळा माझा आहे ना."

असं नको होतं. ‘नको घेऊस’ म्हणाले असते तर किती सोपं झालं असतं!

बुधवार, १९ नोव्हेंबर

सकाळी सुया ओवायला बसले. आठ झाल्या आणि बाबांनी उशी काढून घेतली.

"आज आठच. दोन माझ्या मी बघतो."

"बाबा, नाही जमणार."

"नाही जमली तर नाही जमली. सवय तर लागेल."

एवढंच. मग मान वाकवून दोरा तोंडात ओला केला. मी निघाले तरी तो सुईच्या शेजारून, वरून, खालून चालला होता.

अकरा वाजता मॅनेजरला नाही म्हणून आले. आवाज माईकवर असतो तसा आला, स्वच्छ. बाहेर आल्यावर वहिनींच्या काउंटरखाली बसून पाणी प्यायले. त्या बिलं करत होत्या. गिऱ्हाईकाला म्हणाल्या, "मुलगी आहे माझी, चक्कर आलीय."

आई सांगत होती, दुपारपर्यंत एक सुई ओवली गेली. दोरा नव्हे, बोट.

गुरुवार, २० नोव्हेंबर

ट्रॉल्यांवर बदली. आजपासून बाहेर, गाड्या उभ्या करतात तिथे. लोकांनी इकडेतिकडे सोडलेल्या ट्रॉल्या गोळा करायच्या आणि एकात एक घालत आत ढकलायच्या. बावीस ट्रॉल्यांची रांग वळवताना मी एका गाडीला वळसा घातला आणि एका काकूंना जवळजवळ आत घेतलं.

माईक घड्याळबाईंकडे.

म्हणजे बावीस तारीख बुडाली. ‘आत्ता या’ कोण म्हणणार? (हे मी जुन्या टेबलापाशी जरा मोठ्यानंच म्हटलं; घड्याळबाईंनी मनगटाकडे बघितलं.) पैलवान म्हणाला, "शिट्टी मारतो." खालच्या मजल्यावरून मारून बघितली. पहिल्या मजल्यावरही पोचली नाही. सुरक्षारक्षक तेवढा धावत आला.

चादरीवाली म्हणाली, मग एकेकानं जाऊ. कुणीच ‘मी आधी’ म्हणालं नाही. मीही नाही. माझं तर आता काय कापायचं राहिलंय! तरी नाही म्हणाले.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

ट्रॉल्यांची शेवटची रांग आत लावली आणि बोर्डापाशी टेकले. कुणी नव्हतं. तो कागद अजून तसाच, एक कोपरा सुटलेला. तीन आठवडे झाले, मी तो फक्त माझ्या नावापर्यंत वाचला होता. आज पहिल्यांदा खालपर्यंत वाचला.

वहिनी — अठ्ठावीस. चादरीवाली — अठ्ठावीस. पैलवान — सव्वीस, बिचारा. एकेक करत अगदी तळाशी आले. शेवटचं नाव घड्याळबाईंचं.

एकोणतीस.

स्वतःच्या हातानं टाईप केलेलं! मॅनेजरनं समोर बसून सांगितलं असेल, आणि त्यांनी मनगटाकडे बघत बघत बटणं दाबली असतील. सतरा वर्षं झाली म्हणे त्यांना इथे. कुणीच त्यांना गाद्यांवर बोलावलं नाही. ‘सगळ्यांना’ असं पत्रात लिहिणारी मी, मलाही सुचलं नाही.

सुचलं तर आज. आणि आज त्या लवकर घरी गेल्या होत्या. नोंदवही तेवढी माझ्या जुन्या टेबलावर होती. उघडली नाही. माझी नाही आता ती.

बाबांनी आज नऊ सुया ओवून मागितल्या.

शनिवार, २२ नोव्हेंबर

अकरा वाजून पाच मिनिटं. मोठे साहेब नुकतेच आत गेले होते. मी दारातून ट्रॉल्या ढकलत होते आणि वरचा भोंगा खरखरला. घड्याळबाई! आवाज जरा घाबरलेला, पण शब्द एकेक सुटा:

"ग्राहकांनी कृपया लक्ष द्यावे. निळी छत्री सापडली आहे. वहीत नोंद केलेली आहे. ज्यांची ज्यांची असेल, ते सगळे आत्ता या."