बुजवलेली भोकं

तीर्थरूप आबा,

लांबूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून हे पत्र.

इथे तेलंगणातल्या लाल मातीत एक कवटी निघालीय. दिसायला मगरच, पण मगर नव्हे. हिच्या नाकपुड्या पार डोळ्यांपाशी! ही जात वीस कोटी वर्षांपूर्वीच संपली म्हणतात. हलवण्याआधी ती प्लास्टरमध्ये गुंडाळायची, म्हणून तर पेणकडचा माणूस आणलाय.

जबड्यावर चार भोकं होती. आपल्या कारखान्यात गणपतीच्या सोंडेला टवका राहिला तर तुम्ही मला जेवू देता का? मी भोकं बुजवली, पाण्याचा हात फिरवून गुळगुळीत केली. खोदकामाच्या प्रमुख मॅडमनी बघितलं आणि कपाळाला हात लावला. ती भोकं म्हणे दुसऱ्या जनावराच्या दातांची, त्यांना तीच हवी होती! "सुजय, मोडलेलं मोडलेलंच दिसायला हवं." मग आधी सांगायचं ना! तीन दिवस सुईने माझंच प्लास्टर कोरतोय. मान धरलीय, बाकी जेवणखाण बरं आहे.

आणि तुम्ही! "हात बरा हाय, काय झालेलं नाय." तुमची सून अनिता सांगते, पडल्यापासून मनगट सुजलंय, भाकरी डाव्या हाताने मोडता आणि मूर्तींचे डोळे आखून पुन्हा पुसता. उद्याच पेणला हाडांच्या डॉक्टरला दाखवा.

इथलं मी सुईने कोरून काढीन, आबा. तुम्ही बुजवलेलं एवढ्या लांबून कसं काढू?

तुमचाच,
सुजय