पालकाची सही

३ ऑगस्ट

पालकाची सही आणा म्हणे! माझे पालक वर जाऊन जमाना झाला, तिथे टपाल पोचत नाही. आणि टपालाचं मला कुणी सांगू नये, मी पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. पण कॉलेजातला कारकून ढिम्म. ‘आजी, पदवीच्या विद्यार्थ्यांना तुरुंगभेटीसाठी पालकाची सही लागतेच. मुलगा आहे ना? त्याची चालेल.’

ज्याला मी नाक शिंकरायला शिकवलं, तो आता माझा पालक!

४ ऑगस्ट

चिरंजीव नाही म्हणाले. ‘आई, तू गुन्हेशास्त्र शीक, नाहीतर पोहायला शीक. पण त्या तुरुंगात जायचं नाही.’ सूनबाई कोरडी भांडी पुन्हा पुसत राहिल्या.

लाज वाटते त्याला. मामा खुनी, आणि आई वर्गाबरोबर त्याला बघायला सहलीला!

भेटायला जाणाऱ्यांच्या वहीत ‘नातं – बहीण’ असं मला लिहायचं नाही. खटल्याचा निकाल लागला त्या दिवशीच मी बजावलं होतं – या माणसाचं नाव माझ्या घरात निघणार नाही. नाही निघालं. पण विद्यार्थिनी म्हणून, पोरापोरींच्या घोळक्यातून गेले तर कुणाच्या बापाचं काय जातं? त्यासाठीच तर या वयात प्रवेश घेतला. ज्ञानासाठी नव्हे. ज्ञान मला पुष्कळ आहे.

६ ऑगस्ट

आज वर्गात ‘माणूस गुन्हेगार का होतो’. सरांचं वय माझ्या छत्रीएवढं. म्हणाले, परिस्थिती. घर, संगत, संस्कार. मी हात वर केला – ‘एकच घर, एकच आई. एकीनं पोस्ट सांभाळलं, दुसऱ्यानं भागीदाराच्या डोक्यात लोखंडी गज घातला. हे कुठल्या प्रकरणात येतं?’

‘वा आजी, उदाहरण छान आहे!’

छान! कॉन्व्हेंटमधल्या आमच्या सिस्टर हाच विषय एका शब्दात संपवायच्या – सैतान. पुढे शिवणकाम.

शेजारच्या बाकावरची बडबडी पोरगी कानात म्हणाली, ‘आजी, सही मी ठोकून देते. सगळ्यांनी तसंच केलंय. माझ्या बाबांची तर मला त्यांच्यापेक्षा छान जमते.’ भावी गुन्हेशास्त्रज्ञ! यांना तुरुंगात नेल्यावर परत आणायची गरजच नाही.

नको म्हटलं तिला. मोह झाला होता.

९ ऑगस्ट

चिरंजीवांशी पुन्हा भांडण. ‘मामाला रांगेत उभा करून बघणार? तो काय प्रदर्शनात ठेवलाय?’

मी म्हटलं, तुला बरा पुळका आला!

‘तू तिथेही टोमणे मारशील, आई. त्याला सहन होणार नाही.’

खुन्याचं मन हळवं असतं – हा मुद्दा पाठ्यपुस्तकातून राहून गेलाय. सरांना कळवायला हवं.

१० ऑगस्ट

अबोला. सूनबाई इकडचे निरोप तिकडे. इतकी चोख सेवा मी टपाल खात्यातही पाहिली नाही.

११ ऑगस्ट

कागद द्यायची मुदत उद्या संपते. जेवताना सांगितलं – बोलणार नाही त्याच्याशी. टोमणा नाही, काही नाही. तो कसा दिसतो तेवढं बघायचंय. धड आहे ना, तेवढंच.

आवाज जरा चिरकला. सर्दी आहे.

चिरंजीव भरल्या ताटावरून उठून गेले.

१२ ऑगस्ट

सकाळी माझ्या चहाच्या कपाशेजारी कागद. सही केलेली!

चिरंजीव दारात बूट घालत होते. वर न बघता म्हणाले, ‘लांब उभी राहू नकोस. मामाला आता लांबचं नीट दिसत नाही. चष्मा असूनसुद्धा.’

तुला रे कसं माहीत?

‘चष्मा मीच नेऊन दिला.’